पेटंटमधून पेडलचं सर्किट काढायचं म्हणजे नेमकं काय काढायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा नागपुरातच इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, गिटार वाजवतो, बाहेरचे पेडल, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या पायाने चालवायच्या पेट्या, परवडत नाहीत. जुन्या इफेक्ट्सची सर्किट्स पेटंटमध्ये फुकट पाहायला मिळतात असं त्याने ऐकलं. ‘गिटार डिस्टॉर्शन’ टाकून शोधलं तर निकालांचा ढीग आला, त्यातले निम्मे सॉफ्टवेअरचे. एकदोन जुनी पेटंटं सापडली, पण आकृतीत रेझिस्टर-कपॅसिटरच्या व्हॅल्यूच नाहीत. तर शोधायची काही रीत आहे का, व्हॅल्यू कुठून आणायच्या, आणि असे पेडल बनवून मित्रांना विकले तर अडचण येईल का?

वयाने तू माझ्या मुलाएवढा असशील, म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. मी पंचवीसेक वर्षं ॲम्प, पेडल आणि कीबोर्ड दुरुस्त करतोय. लग्नसराई आली की ऑर्केस्ट्रावाल्यांचं बंद पडलेलं सामान माझ्या टेबलावर येऊन पडतं. पेटंट वाचायची सवय मला याच धंद्यात लागली, कारण कित्येक यंत्रांचं सर्किट कंपनी देत नाही आणि बोर्डवरचे नंबर कोणीतरी खरवडून टाकलेले असतात.

तुझ्या प्रश्नात दोन वेगळ्या गरजा एकमेकींत गुंतल्यात, त्या आधी सोडवू. तुला एखाद्या नावाजलेल्या पेडलची हुबेहूब नक्कल सोल्डर करून येत्या रविवारी वाजवायची असेल, तर पेटंटच्या वाटेला जाऊच नकोस. अशा पेडलांचे बोर्ड जगभरच्या लोकांनी उघडून, रेघ न् रेघ मोजून व्हॅल्यूसकट नेटवर टाकलेत. पेटंटमधून तेच काढायला तुला महिना लागेल आणि तरी आवाज थोडा वेगळाच येईल. पण हे सर्किट असं का वागतं, यात मला काय बदलता येईल, बर्डीवर, म्हणजे आपल्या सीताबर्डीच्या बाजारात, मिळेल त्या मालात ते कसं बसवता येईल, हे हवं असेल तर पेटंटासारखा गुरू नाही. तू व्हॅल्यू नसल्याची तक्रार करतोस म्हणजे तुला पहिलं हवंय. मात्र तू तिसऱ्या वर्षाला आहेस म्हणजे तुला दुसरं जमेल. मी दुसऱ्याचंच उत्तर देतो.

पेटंट हा सरळ सौदा आहे. सरकार म्हणतं, ठराविक वर्षं तुझ्याशिवाय हे कोणी बनवणार नाही, बदल्यात तू आतली गोष्ट जगाला सांग. किती सांगायची, तर त्या विद्येत मुरलेल्या माणसाला वाचून ते बनवता येईल इतकी. रेझिस्टर किती ओहमचा घ्यायचा हे मुरलेल्या माणसाला काढता येतं असं गृहीत धरलेलं असतं, म्हणून बऱ्याच आकृत्यांत व्हॅल्यू नसतात. शिवाय वकिलाला कुंपण जितकं मोठं घालता येईल तितकं हवं असतं. ‘१० किलोओहम’ लिहिलं तर १२ वाला निसटायला बघेल, ‘एक रेझिस्टर’ लिहिलं की सगळेच आत. काही पेटंटांत मजकुराच्या मध्येच ‘उदाहरणादाखल’ म्हणून आकडे दिलेले सापडतात, तेव्हा फक्त चित्र पाहून पान उलटू नकोस.

आता शोधण्याकडे. तुझा शोध फसला कारण तू गिटारवाल्यांच्या भाषेत शोधलंस. पेटंट लिहिणारा माणूस ती भाषा बोलत नाही. पाय हलवला की गिटार ‘वा-वा’ बोलते त्या वाह पेडलचं मूळ अमेरिकी पेटंट ३,५३०,२२४ क्रमांकाचं. प्लंकेट आणि कुशनर या दोघांच्या नावावर, अर्ज १९६७ चा, मंजुरी १९७० ची. त्याचं शीर्षक काय आहे माहितीये? ‘फूट-कंट्रोल्ड कंटिन्युअसली व्हेरिएबल प्रेफरन्स सर्किट फॉर म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्स’. यात ना वाह, ना पेडल, ना गिटार. फझचं, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणाऱ्या पेटीचं, पेटंट ३,२१३,१८१, स्नॉडी आणि हॉब्स यांचं, १९६२ चा अर्ज आणि १९६५ ची मंजुरी. त्याचं नाव ‘टोन मॉडिफायर’ने सुरू होतं आणि मग इलेक्ट्रो-मेकॅनिकली निर्माण केलेल्या स्वरांबद्दलची लांबलचक शेपटी. तारेला सतत कंपत ठेवणारा जो हातात धरायचा ई-बो असतो, तो ‘स्ट्रिंग व्हायब्रेशन सस्टेनिंग डिव्हाइस’, क्रमांक ४,०७५,९२१. म्यू-ट्रॉन या पेडलचा तो बोलणारा फिल्टर तर नुसताच ‘साउंड इफेक्ट्स जनरेटर’, ३,९११,७७६. त्यामुळे शोधताना आवाजाला लोक काय म्हणतात ते विसर, सर्किट काम काय करतं ते लिही. डिस्टॉर्शनऐवजी नॉन-लिनिअर, क्लिपिंग, हार्मोनिक जनरेशन. ऑटो-वाहऐवजी एन्व्हलप आणि व्होल्टेज कंट्रोल्ड फिल्टर. फेझरसाठी ऑल-पास आणि फेझ शिफ्ट. हे शब्द अर्थातच रोमन लिपीत टाकायचे.

कंपनीच्या नावानेही असाच चकवा बसतो. फझची पेटी विकणारा ब्रँड माएस्ट्रो, घर गिब्सनचं, पण पेटंट शिकागो म्युझिकल इन्स्ट्रुमेंट कंपनीच्या नावावर, कारण गिब्सन तेव्हा तिच्या मालकीची होती. वाहवर व्हॉक्सचं नाव, पेटंट थॉमस ऑर्गन कंपनीचं. पेडलवर छापलेला ब्रँड टाकून काही मिळालं नाही तर त्या काळी ती कंपनी कोणाच्या पदरी होती ते बघ. आणि वस्तूवर छापलेल्या पेटंट नंबरावर तर डोळे झाकून विश्वास ठेवूच नकोस. गिब्सनच्या हंबकर पिकअपच्या, म्हणजे तारेची कंपनं उचलणाऱ्या भागाच्या, पाठीवर नंतर जो नंबर चिकटवला जाऊ लागला, २,७३७,८४२, तो शोधलास तर लेस पॉलचं तार अडकवायचं टेलपीस निघतं. सेठ लव्हरचं हंबकरचं खरं पेटंट २,८९६,४९१. असं का केलं याच्या दंतकथा पुष्कळ आहेत, पण नंबर चुकीचा आहे हे मात्र पक्कं.

शब्दांपेक्षा भरवशाची गोष्ट म्हणजे वर्गीकरण. प्रत्येक पेटंटवर तपासनीस एक कोड टाकतो आणि तो कोड शीर्षकाच्या लपवाछपवीला बधत नाही. आपल्या कामाचा मोठा कप्पा जी१०एच, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यं. त्यात १/१६ म्हणजे नॉन-लिनिअर घटकांनी स्वराचा रंग बदलणं, १/१२ म्हणजे फिल्टरने बदलणं. ३/१८७ तर थेट तुझ्यासाठीच आहे, तारेवरून उचललेला सिग्नल विकृत करणं, ट्यूब ॲम्पची नक्कल त्यातच आली. रिव्हर्ब आणि इकोसाठी जी१०के १५/०८. गुगल पेटंट्स किंवा युरोपियन पेटंट ऑफिसचं एस्पेसनेट, दोन्ही फुकट आहेत. तिथे हा कोड टाक आणि तारखेची मर्यादा १९८५ च्या आधीची लाव. सॉफ्टवेअरवाला सगळा कचरा एका झटक्यात निघून जातो. १९७६ च्या आधीच्या अमेरिकी पेटंटांचा मजकूर स्कॅनवरून यंत्राने वाचलेला असतो, त्यात अक्षरं वेडीवाकडी होतात. शब्दशोध तिथे हमखास गळतो, कोड गळत नाही. जपानी कंपन्यांसाठी जे-प्लॅटपॅट आहे. त्याचं यांत्रिक भाषांतर हसू येण्याजोगं असतं, पण सर्किटच्या चित्राला भाषांतर लागत नाही.

आणि एक चांगलं पेटंट हाती लागलं की त्याचे नातेवाईक धुंडाळायचे. त्याने कोणाचा दाखला दिलाय आणि नंतर कोणी त्याचा दिलाय, दोन्ही याद्या गुगल पेटंट्सवर खाली मिळतात. माझं निम्मं काम या याद्यांवर होतं. म्यू-ट्रॉनवाल्यापासून पुढे निघालं की नंतरचे बरेच एन्व्हलप फिल्टर, म्हणजे स्वराच्या जोरावर उघडमीट होणारे फिल्टर, रांगेत उभे राहतात, आणि प्रत्येक जण पहिल्या पानभर आधीच्याच्या चुका सांगत असतो. हा भाग मला सगळ्यांत आवडतो. ‘आधीच्या यंत्रात अमुक दोष होता’ हे ज्या निर्दयपणे पेटंटमध्ये लिहिलेलं असतं, तसं कुठल्याच कॅटलॉगात वाचायला मिळणार नाही.

हे सगळं आज घरबसल्या होतं. मी सुरुवात केली तेव्हा आम्ही सेमिनरी हिल्सला जायचो. पुष्कळ नागपूरकरांना पत्ता नसतो, पण केंद्र सरकारने १९७५ मध्ये पेटंट इन्फर्मेशन सिस्टीम हे कार्यालय काढलं ते आपल्याच गावात. जगभरची पेटंटं एका ठिकाणी पाहता यावीत यासाठी. नंबर हाताशी असला की काम व्हायचं, नसला की दुपार जायची. आता बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणारी राजीव गांधी राष्ट्रीय संस्थाही इथेच, सिव्हिल लाइन्सला आहे. पेटंट शोधायचं शिक्षण त्यांच्या कार्यक्रमांत असतं. कॉलेजातून चारपाच पोट्टे मिळून चौकशी करा, कोडचं सगळं शास्त्र तिथे नीट कळेल.

वाचायचं कसं? वाचताना मी आधी चित्रं पाहतो, मग वर्णनातली पहिली दोन पानं, म्हणजे आधीच्यांचे दोष, मग ज्या घटकावर शंका असेल त्याचा नंबर धरून मजकुरात तो कुठे कुठे येतो ते. शेवटचे दावे सुरुवातीला वाचायचेच नाहीत, ते कुंपणाचे खांब आहेत, विकायची वेळ आली की त्यांच्याकडे यायचं.

नंबरावरून आठवलं. मागे एक मुलगा माझ्याकडे बोर्ड घेऊन आला, आवाजच येत नाही म्हणे. पाहतो तर सगळे रेझिस्टर विचित्र, कुठे ३३ ओहम, कुठे ३९, मध्ये दोन समांतर जोडून कसाबसा ४१ केलेला. पेटंटच्या चित्रातले ३४, ३८, ४१ हे त्याने ओहम समजले होते. ते घटकांचे नुसते हजेरी क्रमांक असतात, वर्गातल्या रोल नंबरासारखे. ट्रान्झिस्टरला पण नंबर असतो, बॅटरीला पण असतो, जॅकला पण. मुलगा बिचारा ४१ ओहम बाजारात का मिळत नाही म्हणून गावभर फिरला होता. जुन्या अमेरिकी आकृतीत एमएमएफ दिसलं तर ते मायक्रो-मायक्रोफॅरड, म्हणजे आपला पिकोफॅरड, हेही लक्षात असू दे.

आता तुझा कळीचा मुद्दा, व्हॅल्यू कुठून आणायच्या. वाहचंच उदाहरण घेतो, कारण यात मी स्वतः तोंडावर आपटलोय.

वाहच्या पोटात एक कॉइल आणि एक कपॅसिटर असतो, दोघं मिळून एका फ्रिक्वेन्सीला वर उचलतात. बाजारातल्या वाहमध्ये कॉइल साधारण ५०० मिलिहेन्रीची आणि कपॅसिटर ०.०१ मायक्रोफॅरडचा. बारावीचं सूत्र लाव, एक भागिले दोन π गुणिले एलसीचं वर्गमूळ (एल म्हणजे कॉइल, सी म्हणजे कपॅसिटर), उत्तर येतं सुमारे २,२५० हर्ट्झ. पाय पुढे दाबला की जो ‘आ’ येतो तो हा. पण पाय मागे, टाचेवर नेला की तोच उंचवटा साडेचारशेच्या आसपास उतरतो आणि कॉइल-कपॅसिटर तर बदललेले नाहीत! सर्किटची खरी गंमत इथे आहे. पहिला ट्रान्झिस्टर सिग्नल वाढवतो आणि उलटा करतो, पायाखालचा पॉट, म्हणजे फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर, त्यातला हवा तेवढा भाग उचलतो, दुसरा ट्रान्झिस्टर तो कपॅसिटरच्या दुसऱ्या टोकाला नेऊन देतो. दोरीचं एक टोक तू ओढतोस आणि पलीकडचा माणूस त्याच वेळी जोराने उलट ओढतो, तर तुला दोरी जड लागणारच. कपॅसिटर तसाच ‘जड’ होतो. फ्रिक्वेन्सी पाचपट खाली यायची तर कपॅसिटर पंचवीसपट मोठा भासला पाहिजे, आणि पहिल्या ट्रान्झिस्टरच्या गेनमधून, म्हणजे सिग्नल वाढवण्याच्या ताकदीतून, तेवढं सहज मिळतं. एकदा हे डोक्यात बसलं की तुला कोणाच्या व्हॅल्यूंची भीक मागावी लागत नाही.

मला हे बसायला एक फजिती लागली. ५०० मिलिहेन्रीची कॉइल बर्डीवर कोणाकडेच नव्हती. तिथल्या मोदी नावाच्या गल्ल्यांत दुकानामागून दुकान पालथं घातलं, दुकानदार मला चोक दाखवायचे, कोणी ट्यूबलाइटचा सुद्धा दाखवला. शेवटी भंगारातल्या एका ट्रान्झिस्टर रेडिओचा छोटा ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर काढला आणि त्याचं एकच वाइंडिंग कॉइल म्हणून बसवलं. पेडल वाजलं, पण पुढे पूर्ण दाबूनही तोंड उघडेना, सर्दी झालेल्या माणसाने ‘आ’ म्हणावं तसा आवाज. ऑर्केस्ट्रातल्या गिटारवाल्याने पेडल परत आणून दिलं, वर म्हणाला, “भाऊ, हे वाह नाही, हे हाय हाय आहे.”

मोजल्यावर कळलं, वाइंडिंग १ हेन्रीच्या जवळपास निघालं. कॉइल दुप्पट झाली की फ्रिक्वेन्सी दोनच्या वर्गमुळाने घसरते, म्हणजे २,२५० ची जवळपास १,६०० झाली होती. कॉइल बदलता येत नव्हती, मग कपॅसिटर निम्मा केला, ०.०१ च्या जागी ०.००४७. आता उत्तर २,३२० च्या आसपास, पाहिजे तिथे. पेडल उघडलं, पण आवाज बोथट. कारण कॉइलला समांतर एक ३३ किलोओहमचा रेझिस्टर असतो, तो उंचवट्याची धार ठरवतो, आणि ही धार त्या रेझिस्टरला एल भागिले सीच्या वर्गमुळाने भागून येते. मूळ मांडणीत ते वर्गमूळ ७ किलोओहम, माझ्या मांडणीत साडेचौदा. म्हणजे धार निम्मी झाली होती. ३३ च्या जागी ६८ किलोओहम टाकल्यावर पेडल बोलायला लागलं. भोवतीच्या इतर रेझिस्टरांचाही थोडा वाटा असतो, तेव्हा हा हिशेब देवाचा शब्द नाही, पण ब्रेडबोर्डवर सुरुवात करायला पुरेसा आहे.

तुझ्याकडे कॉइल-कपॅसिटर मोजणारा एलसीआर मीटर नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये असेल. तिथेही कुलूप असलं तर कॉइलला समांतर ०.०१ लाव, मोबाईलवरच्या टोन जनरेटर ॲपमधून १०० किलोओहममार्गे सिग्नल दे, ॲम्पवर ऐकत फ्रिक्वेन्सी हळूहळू सरकव. जिथे आवाज फुगतो तो आकडा सूत्रात उलटा घाल, कॉइल किती ते कळतं.

दुसरा अनुभव फझचा, आणि तो अस्सल नागपुरी आहे. माएस्ट्रोचा पहिला फझ तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टरांवर आणि ३ व्होल्टवर चालायचा. मी जुन्या रेडिओंतून काढलेले एसी १२८ हे जर्मेनियम ट्रान्झिस्टर वापरून त्या धर्तीवर एक पेटी केली. जानेवारीत केली, झकास वाजली. मे महिन्यात उघड्या मांडवातल्या कार्यक्रमात तिने धोका दिला. स्वर सुरू व्हायचा आणि पाल तोंडात माशी धरून गप्प बसते तसा मध्येच गिळला जायचा. जर्मेनियममधून गळणारा करंट दर ८ ते १० अंशांना साधारण दुप्पट होतो. २५ अंशांवर बेतलेला बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरला आधीच लावून दिलेली बैठक, ४५ अंशांवर चारपट गळतीला कसा पुरणार? स्नॉडी होता नॅशव्हिलचा, रेकॉर्डिंग स्टुडिओतला इंजिनिअर. १९६१ मधल्या मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्यात ग्रेडी मार्टिनच्या बेसचा आवाज मिक्सरच्या बिघाडाने फाटला, तो फाटका आवाज लोकांना आवडला, आणि तोच मुद्दाम काढता यावा म्हणून त्याने हे सर्किट केलं. आपल्या मे महिन्याचा विचार त्याने का करावा? त्यानंतर मी जर्मेनियम लावलाच तर बायसच्या जागी ट्रिमर, म्हणजे स्क्रूने फिरवता येणारा रेझिस्टर, ठेवतो आणि हेअर ड्रायरने गरम करून तपासतो. नाहीतर सरळ सिलिकॉन. आवाज थोडा खरखरीत येतो, पण कार्यक्रम पार पडतो.

आता जे पेटंटांत मिळणार नाही त्याबद्दल. कित्येक नावाजलेले पेडल पेटंट घेऊन केलेलेच नाहीत. फझ फेस हे पेडल म्हणजे दोन ट्रान्झिस्टरांची फीडबॅक जोडी, ती आधीपासून पाठ्यपुस्तकात होती, तिच्यावर कोण हक्क सांगणार? क्लॉन सेंटॉर या पेडलवाल्याने तर पेटंटऐवजी बोर्डावर इपॉक्सी ओतलं, म्हणजे कोणाला वाचताच येऊ नये. पेटंट घ्यायचं तर गुपित फोडावं लागतं, काहींना ते नको असतं. त्यामुळे दोनतीन संध्याकाळी शोधूनही काही सापडलं नाही तर आपली रीत चुकली असं समजू नकोस, बहुधा तिथे काही नाहीच. तेव्हा सेमीकंडक्टर कंपन्यांच्या जुन्या ॲप्लिकेशन नोट्सकडे, म्हणजे आपला माल कसा वापरायचा ते सांगणाऱ्या पुस्तिकांकडे, वळ. याउलट सिंथेसायझरमधला मूग लॅडर फिल्टर, ३,४७५,६२३, किंवा पीव्हीचं ट्यूबसारखं वागणारं ट्रान्झिस्टर ॲम्प, ५,६१९,५७८, ही पेटंटं एखाद्या चांगल्या व्याख्यानासारखी वाचता येतात. लॅडर फिल्टर समजायला तुला तिसऱ्या वर्षाचं ज्ञान पुरेल, डिफरन्शियल पेअर तेवढी पक्की कर.

राहिला विकायचा मुद्दा. मी वकील नाही. माझ्या समजुतीपुरतं सांगतो. अमेरिकेत ८ जून १९९५ च्या आधी अर्ज केलेल्या पेटंटांना मंजुरीपासून १७ वर्षं किंवा अर्जापासून २० वर्षं, यातली लांबची मुदत. तेव्हा फझ, वाह, मूग ही सगळी केव्हाच मोकळी झालीत. भारतात मुदत अर्जापासून २० वर्षं. पेटंट ज्या देशात मंजूर झालं त्याच देशात चालतं, अमेरिकी पेटंट नागपुरात कोणाला अडवत नाही. पण त्याच शोधाचं भारतीय पेटंट असू शकतं, ते इनपास या सरकारी शोधयंत्रावर पाहता येतं, आणि माल बाहेर पाठवायचा म्हटलं की तिकडचा कायदा लागतो. घरी प्रयोग म्हणून बनवायला, शिकायला-शिकवायला आपल्या कायद्यातल्या ४७व्या कलमात मोकळीक आहे. अडचण बहुतेक वेळा सर्किटमुळे येतही नाही, ती नावामुळे येते. ट्रेडमार्कला वीस वर्षांची मुदत नसते, नूतनीकरण होत राहतं. तेव्हा पेटीला स्वतःचं नाव दे, रंगरूप कोणाचं उचलू नकोस, बोर्ड स्वतः आख. चारपाच मित्रांपलीकडे जायचा विचार असेल आणि पेटंट मुदतीतलं असेल, तर पेटंट एजंटला एकदा दावे वाचून घ्यायला सांग. ती फी पेडलच्या पहिल्या दहा नगांत निघते.

पहिलं कुठलं उघडू असं विचारशील तर ३,५३०,२२४. शोधपेटीत टाकताना स्वल्पविराम काढ आणि नंबराच्या आधी रोमन लिपीत यूएस लाव, नाहीतर भलतंच काहीतरी उघडतं. चित्राची प्रिंट काढ, वर मी सांगितलेली कॉइल आणि कपॅसिटर त्यावर पेन्सिलीने शोध आणि पॉटवरून येणारा परतीचा रस्ता लाल पेनने रंगव. तो लाल रस्ता कपॅसिटरच्या कुठल्या टोकाला जाऊन मिळतो ते मला कळव, मग तुझ्या कॉइलला कुठली व्हॅल्यू चालेल ते आपण दोघं मिळून काढू.